आईंनी पोपटी मागितली

लग्न होऊन कर्जतजवळच्या कोंडाण्यात आले तेव्हा माझी समजूत होती की मला मराठी येतं. मी म्हसवडची, बी.एस्सी. झालेली, कर्जतच्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवणारी. मुलांच्या वहीत चुकीचा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं आणि ते जागेवर यायला वेळ लागतो. तर अशा मला माझ्या सासूबाईंनी एक शब्द सांगितला. साधा, तीन अक्षरांचा. तो समजायला मला पाच दिवस लागले, आणि त्या पाच दिवसांत आईंना आम्ही जवळजवळ घालवून बसलो होतो.

सासूबाईंचं नाव मालनबाई. मी त्यांना आईच म्हणते. नोव्हेंबरात भात झोडून झालं आणि आई आडव्या झाल्या. आधी ताप, मग कावीळ. बारा दिवस कर्जतच्या दवाखान्यात काढले. घरी आल्या तेव्हा डोळ्यांतला पिवळेपणा उतरला होता, रिपोर्ट चांगले होते, पण खाणं बंद. घास तोंडात धरायच्या, इकडून तिकडे फिरवायच्या आणि हळूच पदरात काढायच्या. म्हणायच्या, तोंडाला चव नाय, नाकाला वास नाय, समदं मातीगत लागतं.

सोमवारी तपासायला नेलं तर वजन चौतीस किलो. डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे, नुकतेच आलेले, स्वभावानं गरीब. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की औषधाचं काम झालंय, आता फक्त पोटात अन्न जायला हवं. पुढच्या सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. बाजूला घेतलं म्हणजे किती, तर दोन पावलं. आईंनी सगळं ऐकलं. रिक्षात बसल्यावर त्या बाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "नळी घातली का मी परत घरी येत नाय."

हे त्यांनी रडून सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. त्यांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

घरात माणसं तशी कमी. नवरा नरेश साजगावच्या कारखान्यात, त्या आठवड्यात बदली कामगार नव्हता म्हणून बारा-बारा तासांची पाळी. सासरे काळूराम, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, उभा जन्म खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये काढलेले. रुळांवर घण मारून मारून त्यांचे कान गेले. त्यांच्याशी बोलायचं तर अंगणातून बोलल्यासारखं बोलावं लागतं, आणि आजारी माणसाच्या खोलीत ते कुणी करत नाही. मी शाळेतून रजा घेतली.

आता फळांचं सांगते. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आमच्याकडेही आहे. पण इथे मी जे बघितलं ते बघून चाटच पडले. पहिल्या चार दिवसांत आमच्या घरात सफरचंदं, मोसंबी, डाळिंबं, केळी, पपया, शहाळी आणि एक ड्रॅगन फ्रूट जमा झालं. फ्रीज भरला, मग पाटी भरली, मग भाताच्या कणगीवर सूप ठेवून त्यात चिकू. प्रत्येक फळाबरोबर एक व्याख्यान यायचं. डाळिंबानं रक्त वाढतं. पपईनं पोट साफ होतं. किवीनं पेशी वाढतात, त्या कसल्या हे कुणालाच माहीत नव्हतं, पण वाढतात यावर एकमत होतं. वरच्या वाडीतल्या अंबाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, डोंगर उतरून आल्या आणि पदराच्या गाठीतून एक किवी काढली. एकच. बाजारात चार जणांना विचारून आजाऱ्याला काय चांगलं ते त्यांनी ठरवलं होतं. स्वतः त्यांनी ते फळ कधी खाल्लं नव्हतं. खायचं सालीसकट की साल काढून, असं त्यांनी मलाच विचारलं.

मला ते फार लागलं. मी ती किवी हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिले. इतक्या माणसांना आपल्या आईंनी जगावं असं वाटतं, आणि ते त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलता येत नाही म्हणून ते फळांतून बोलतायत, असं काहीतरी तेव्हा मनात आलं.

पण मी पडले शिक्षिका. मी फळांचा तक्ता केला. सकाळी सात, पपई. नऊ, मोसंबीचा रस. अकरा, डाळिंब. पुढे जीवनसत्त्व कुठलं, लोह किती. तेल-तूप बंद, हे लाल शाईनं. तक्ता आईंच्या खाटेसमोर भिंतीला चिकटवला. येणारा-जाणारा तो वाचून माझं कौतुक करायचा आणि मी लाजल्यासारखं करायचे. पाहुणे खाटेच्या कडेला बसत, मी फोड आईंच्या तोंडाशी नेई, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. आई दोन फोडी कशाबशा गिळत. पाहुण्यांना चहा विचारला तर ते हात जोडत. आजाऱ्याच्या घरी आणखी काम नको, म्हणून पाणीसुद्धा घेत नसत. फळं ठेवायची, तोंड बघायचं आणि उठायचं.

मंगळवारी दुपारी आई आपणहून बोलल्या. मी डाळिंब सोलत होते.

"पोपटी पायजे गं," त्या म्हणाल्या.

मला आनंद झाला. बारा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं. टोपलीत लाल सफरचंदं होती, त्यांना पोपटी रंगाचं हवं असणार, आंबटसर. तोंडाला चव नसली की आंबट मागतात, हे तर शास्त्रच झालं. मी बाबांना मोठ्यानं सांगितलं की आईंना हिरवं फळ हवंय. नरेशला फोनवर हेच सांगितलं. तो म्हणाला, द्राक्षं बघ. संध्याकाळी मी कर्जतला जाऊन हिरवी सफरचंदं घेऊन आले. फोडी करून बशी पुढे धरली. आईंनी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे, आणि मान फिरवली.

बुधवारी द्राक्षं. गुरुवारी पेरू, नासपती, आणि अंबाबाईंची किवी कापायला काढली, कारण आतून ती पोपटीच असते. आईंनी तिच्यावर हात ठेवला आणि कापू दिली नाही, उशाशी ठेवून घेतली. पुन्हा म्हणाल्या, "ह्ये नाय. पोपटी." आवाज आणखी बारीक झाला होता. मी चिडले. खरं सांगायचं तर चांगलीच चिडले. मी म्हटलं, आई, यापेक्षा पोपटी फळ देवानं केलेलं नाही. त्यांनी डोळे मिटले. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं, ते मला दिसलं आणि मी ते न बघितल्यासारखं केलं.

शुक्रवारी मला वाटलं, फळ नव्हे, लुगडं. पोपटी रंगाचं लुगडं. आणि त्याबरोबर दुसराही विचार आला. माणूस जायच्या आधी असं काही मागतं, अंगावर अमुक रंगाचं पाहिजे म्हणतं, हे मी माहेरी ऐकलेलं होतं. मी दुकानात पोपटी साडी मागितली. दुकानदारानं विचारलं, लग्न आहे का. मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी साडी आईंच्या अंगावर पसरली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि कुणी आपली चेष्टा करतंय अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून पडल्या. आदल्या रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही. सोमवार दोन दिवसांवर आला होता.

त्या वेळी वनिता आली. ही शेजारची, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ. भाच्याच्या लग्नाला ठाण्याला गेली होती ती आठवड्यानं परतली होती. दारातून तिनं खाट बघितली. पोपटी साडीखाली आई, भोवती हिरवी सफरचंदं, द्राक्षं, पेरू, नासपती, आणि मध्ये मी, केस विस्कटलेली. तिनं विचारलं, "ह्यो काय बाजार मांडलाय गं?"

मी फुटलेच. म्हटलं, पाच दिवस पोपटी पोपटी करतायत आणि पोपटी आणलं की तोंड फिरवतात, आता मी काय आणू, पोपट आणू का.

 वनिताचं तोंड उघडं राहिलं. मग ती उंबऱ्यातच बसली आणि हसायला लागली. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. शेवटी श्वास घेऊन ती म्हणाली, "अगं बये, पोपटी म्हंजे रंग नाय. पोपटी खायाची असते. मडक्यात लावतात, शेतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला... तुला कुनी सांगितलंच नाय?"

कोण सांगणार. मी मे महिन्यात लग्न होऊन आले होते. पोपटी लागते ती थंडीत, शेंगा भरल्या की. या भागातली माझी ती पहिली थंडी. यंदा पाऊस लांबला, वाल उशिरा पेरला गेला, म्हणून गावात अजून कुणी पोपटी लावलीच नव्हती. आणि घरच्यांना मी तो शब्द कधी जसाच्या तसा सांगितला नव्हता. मी भाषांतर करून सांगितलं होतं, हिरवं फळ म्हणून. शहाणी ना मी.

खाटेवरून बारीक आवाज आला. आई भिंतीकडून वळल्या होत्या.

"तुला वाटलं मी रंग मागते?"

मी मान हलवली. 

"मला वाटलं तू नाय म्हनतेस," आई म्हणाल्या. "डाक्टरनी लिवलंय तसं. पोपटी मागितली का फळ पुढं करतेस. म्हटलं, पोर कडक हाय. जाऊ दे."

पाच दिवस त्या बाईनं मागितलं होतं आणि पाच दिवस मी, तिच्या हिशेबानं, हिरवं फळ दाखवून नाही म्हटलं होतं. तरीही तिनं एक वाकडा शब्द उच्चारला नव्हता. मी त्यांच्या पायांशी बसून रडले. वनिता हसायची थांबली आणि तीही रडली. तिचं असंच असतं, एक झालं की लगेच दुसरं.

मग माझ्यातली बी.एस्सी. जागी झाली. कावीळ झालेल्या बाईला शेकोटीतलं काहीबाही द्यायचं, डॉक्टरांनी तेल बंद केलंय, मसाला बंद केलाय. वनितानं कमरेवर हात ठेवून सांगितलं की पोपटीत तेलाचा थेंब नसतो, पाण्याचाही नसतो, मीठ न ओवा सोडला तर काय नसतं. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांना एवढंच विचारलं की बिनतेलाचं, वाफेवर शिजलेलं, थोडंसं चालेल का. ते म्हणाले, ताई, त्या जे मागतील ते द्या, पण मऊ असू दे आणि बेतानं. त्यांच्या आवाजात फारशी आशा नव्हती.

राहिली गोष्ट शेंगांची. कोंडाण्यात वाल अजून फुलावर होता. पण आईंचं माहेर कुंभिवलीचं, तिकडे त्यांचे भाऊ हिरूमामा हायवे आणि गोदामांच्या मध्ये उरलेल्या तुकड्यात सगळ्यांआधी वाल पेरतात. नरेश साजगावहून पाळी सुटल्यावर तसाच तिकडे गेला. रविवारी दुपारी तो मोटारसायकलवर गोणी घेऊन आला आणि मागे मामा, मांडीवर एक मोठं मडकं धरून. शेंगा भरायला आठ दिवस कमी होते, मामांनी एकेक दाबून बघून तोडल्या होत्या. बाबा सकाळीच डोंगरातल्या लेण्यांच्या वाटेला जाऊन भांबुर्डा या रानपाल्याचा भारा घेऊन आले होते. मी तो पाला चुरगळून हुंगला. ओवा, तुळस आणि ओल्या शेताची कड, असा काहीतरी उग्र वास. आईंच्या नाकाशी नेला. त्यांनी हुंगून मान हलवली. काही आलं नाही.

मी विचारलं, आधी थोडीशी छोट्या भांड्यात करून बघू का, तुमच्यापुरती. तेव्हा आईंनी ते वाक्य म्हटलं, जे मी अजून विसरलेले नाही.

"पोपटी एकट्याची नसते गं. समदी येतात, फळं ठेवतात, मी खाते ती बघतात न जातात. माज्यासंगं कोन खातं?"

मी तक्ता काढून टाकला.

वनितानं गावात निरोप फिरवला. ज्यांनी ज्यांनी फळं आणली त्यांनी संध्याकाळी यायचं, जेवायला यायचं, आणि फळ आणायचं नाही. अंबाबाईंना आणायला वनिताचा नवरा वरच्या वाडीत गेला. दिवस कलायच्या आत आमच्या खळ्यात पंचवीसेक माणसं जमली. कुणी बटाटे आणले, कुणी रताळी, कुणी घरची अंडी. आम्ही आईंना खाटेसकट बाहेर घेतलं. चार जणांनी उचललं आणि नरेश नंतर म्हणाला की खाटेचंच वजन होतं, आईचं काही लागलंच नाही.

बाबा मडकं मांडायला बसले. बुडाशी पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, रताळी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा गच्च बोळा. आई आडव्या पडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, पाला दाट घाल, करपंल. बाबांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी आणखी पाला घेतला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ऐकू येण्याची गरज उरली नसावी.

मग मडकं पालथं घातलं. मी हे वनिताकडून ऐकलं होतं तरी बघताना खरं वाटेना. भरलेलं मडकं जमिनीवर उपडं, भोवती पेंढा, गोवऱ्या, वाळक्या काटक्या, आणि पेटवून दिलं. झाकण काढून बघणं नाही, ढवळणं नाही, पाणी वाढवणं नाही. माझं सगळं स्वयंपाकाचं शिक्षण चमच्यानं उचलून बघण्यावर उभं आहे. इथे आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं आणि कुणाला त्याची काळजीही नव्हती. शेंगेच्या पोटात जेवढं पाणी तेवढ्याच पाण्यात ती शिजणार. मी मुलांना बाष्प शिकवते, दाब शिकवते, पण त्या जाळासमोर मला ते शब्द शोभेनात. जाळ माणसाच्या उंचीएवढा गेला आणि सगळे दोन पावलं मागे सरले. मागे डोंगर काळा व्हायला लागला होता.

नरेश म्हणाला, चाळीस मिनिटं लागतात. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. आता सवयीला काय करणार.

जाळ बसला, निखारे झाले. लोक पुन्हा जवळ सरकले. मामा गोदामवाल्यांच्या गोष्टी सांगत होते. आई डोळे मिटून पडल्या होत्या, मला वाटलं झोप लागली. मी शाल नीट करायला वाकले तेव्हा त्यांच्या नाकपुड्या हलल्या. एकदा. मग पुन्हा.

"झाली," त्या म्हणाल्या.

मी घड्याळ बघितलं. एकतीस मिनिटं. म्हटलं, आई, अजून नऊ मिनिटं आहेत.

"झाली गं. काढाय सांग. पाला लागंल."

वनितानं बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. बाबांनी तांब्यातलं पाणी ओंजळीनं मडक्याच्या बुडावर शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी दिसायच्या आधी उडून गेलं. पोपटी झाल्याची हीच खूण. बाबा आईंकडे वळून बघत राहिले, आणि मग मला कळलं की काय घडलंय. मला निखाऱ्यांच्या धुराशिवाय कसलाच वास आला नव्हता. मामांना नाही, वनिताला नाही. पंचवीस धडधाकट माणसांच्या नाकांना जे कळलं नव्हतं ते दहा हातांवर पडलेल्या, महिनाभर सगळं मातीगत लागणाऱ्या बाईला कळलं होतं.

"वास आला?" मी विचारलं.

"आला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो कुणाचाच कधी बघितला नव्हता. लहान मुलाला पहिल्यांदा समुद्र दाखवला की होतो, साधारण तसा.  मला त्या बाईची भीतीच वाटली थोडी, चांगल्या अर्थानं. हात जोडावेसे वाटले, आणि ते कुणाला हे माहीत नव्हतं.

मडकं काठ्यांनी बाजूला घेतलं, पाला ओढला आणि सगळं केळीच्या पानांवर ओतलं. वाफेबरोबर तो वास आता सगळ्यांपर्यंत आला. आईंनी स्वतःला उठवून बसवायला सांगितलं. शेंग हातात घेतली, स्वतः सोलली, कुणाला सोलू दिली नाही. पहिला दाणा माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, तू खा आदी, तुला ठावं नव्हतं ना. मी खाल्ला. तो कसा लागतो ते मी सांगणार नाही, मला येणारही नाही. एवढंच सांगते की माझ्या डोक्यातला तो लाल-निळ्या शाईचा तक्ता मला तेव्हा फार केविलवाणा वाटला.

मग त्यांनी खाल्लं. दाणा चावला, थांबल्या, गिळला. पदराकडे हात गेला नाही. दुसरी शेंग घेतली. लोक बघत होते तशा त्या रागावल्या, म्हणाल्या, माझ्या तोंडाकडं काय बघता, खावा. मग सगळे खायला लागले. मी त्यांच्या शेंगा मोजत होते. एकोणीसपर्यंत मोजल्या, मग अर्धं रताळं, मग माझं लक्ष माझ्याच पानाकडे गेलं.

खाणं आटोपत आलं तेव्हा आईंनी हुकूम सोडला, आता आना फळं. पाटी, सूप, फ्रीज, सगळं बाहेर आलं. मी आणि वनिता कापत सुटलो. ज्यांनी डाळिंबाचे गुण सांगितले होते त्यांनी डाळिंब खाल्लं, ज्यांनी ड्रॅगन फ्रूट आणलं होतं त्यांना ते आतून कसं असतं ते पहिल्यांदा दिसलं. आईंनी शालीतून अंबाबाईंची किवी काढली, तिच्या चकत्या करायला सांगितल्या आणि पहिली अंबाबाईंच्या हातात दिली. अंबाबाईंनी ती जिभेवर ठेवली. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"यवढं आंबट मी तुला खाय आनलं?" त्या म्हणाल्या, आणि आई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. उरलेल्या चकत्यांपैकी एक त्यांनी स्वतः खाल्ली. आंबट हाय, म्हणाल्या. आंबट कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दवाखान्यात वजनकाट्यावर आई उभ्या राहिल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले. चौतीस किलो तीनशे. तीनशे ग्रॅम म्हणजे काय, तर एक मोठं सफरचंद. पण काटा खाली गेला नव्हता, आणि त्या कुणाचाही हात न धरता काट्यावरून उतरल्या. डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले, नळीचं नाव काढलं नाही. कागद पुढे ओढून त्यांनी खूश होऊन विचारलं, काय खाल्लं आजी.

"पोपटी," आई म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं, थांबले, आणि माझ्याकडे बघितलं.

"पोपटी म्हणजे... पेरू का?"

माझं डोकं फिरलं. पेरू नव्हे हो, असं मी जोरात म्हणणार होते, साधा मराठी शब्द कळत नाही का, हेही म्हणणार होते. आईंनी टेबलाखालून माझा हात दाबला.

"राहू दे, नवा हाय तो," त्या मला म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या.

"रविवारी घरी या. आमची सून दाखवंल तुमाला पोपटी म्हंजे काय ती. आन येताना फळं नका आनू."